खारीवरचं शहर

पनवेलला खेटून शिलोत्तर रायचूर नावाचं एक गाव आहे. नवीन पनवेलच्या इमारतींत आता ते शोधावं लागतं. ‘शिलोत्तर’ हा शब्द जमिनीच्या कागदांतला. खाडीला बांध घालून जी जमीन मिळवली ती शिलोत्तर किंवा शिलोत्री, आणि बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर, तो शिलोतरदार. जमीन कसणारे त्याला सरकारी साऱ्याखेरीज ठरावीक भात द्यायचे. बांध फुटला की पहिला जाब त्यालाच. सोसायटीच्या मेंटेनन्सची आणि सेक्रेटरीची आठवण झाली असेल तर ती अगदीच चुकीची नाही.

नवी मुंबईबद्दल एक वाक्य सारखं ऐकू येतं: ‘इथे नुसती दलदल होती, सिडकोनं शहर वसवलं.’ सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ १९७० साली स्थापन झालं, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली, एकूण क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, इथपर्यंत ठीक. पण दलदल? ज्याला दलदल म्हणतात त्यातला मोठा भाग पिकती खारजमीन होती. दरवर्षी हातानं दुरुस्त होणारे बांध, भरती-ओहोटीच्या तालावर उघडमीट करणारी दारं आणि त्यांच्या आत भात. ही शेती कशी चालायची हे नीट समजून घेतलं, तर आज जुलैत वाशी-नेरूळमध्ये पाणी कुठे आणि का तुंबतं हेही समजतं. पाण्याचा हिशेब तोच राहिला आहे, फक्त तो मांडणारी माणसं बदलली.

आधी जमिनीची उतरंड पाहू. पूर्वेला पारसिकचा डोंगर. त्याच्या उतारावर वरकस जमीन, म्हणजे नाचणी, वरी आणि गवत. डोंगराच्या पायथ्याला गोडी जमीन: इथे राब भाजून रोपं करायची, आषाढात लावणी करायची आणि भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकायचा. त्याच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, खारी जमीन. मग बांध, बांधाबाहेर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि त्यापलीकडे खाडी. बरीचशी गावं गोडी आणि खारी यांच्या सीमेवर, थोड्या उंचवट्यावर बसलेली. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ ही नावं ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं एका माळेत येतात ती त्यामुळे. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला एमआयडीसी आली ती बहुतेक वरकस आणि गोडीवर, आणि खाडीकडचे सेक्टर आले ते खारीवर. खारघर, खारकोपर या नावांना तर समजावून सांगायचीही गरज नाही.

आता बांध. खारीचे बांध दोन प्रकारचे. खाडीला तोंड देणारा मोठा तो बाहेरकाठा आणि आतल्या खाचरांना वेगळं करणारा तो आतकाठा. बाहेरकाठा फुटला तरी आतकाठ्यानं काही शेतं वाचावीत, असा विचार. बाहेरकाठ्याची उंची ठरते ती वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या पाण्यावर, आणि त्याच्याही वर दीड-दोन हात जास्त ठेवायची, कारण पावसाळी वाऱ्यानं लाट अंगावर येते. माती खाडीतलीच: निळसर काळी, चिकट. ती ओली असतानाच फावड्यानं ढेपा कापून एकावर एक रचायच्या आणि पायानं तुडवून बसवायच्या. कोरडी भुसभुशीत माती टाकली तर पहिल्याच उधाणात ती वाहून जाते. ढेपांच्या मध्ये पोकळी राहिली तर तिथून पाणी झिरपतं, आणि झिरपणारं पाणी आपल्याबरोबर माती नेतं. माती काढायची तीही बांधाच्या पायथ्यापासून लांबून. पायथ्यालाच चर पडला की बांधाचा पाय घसरतो. ओल्या चिकणमातीचा बांध कोसळतो तो सहसा वरून पाणी गेल्यानं किंवा खालून असा पाय सुटल्यानं.

बांधाबाहेरची तिवरं तोडायची नसतात. लाटेचा जोर तीच मोडतात. सरपणाला फांद्या काढल्या तरी मुळं राहू द्यायची.

बांधाचा रोजचा शत्रू मात्र लाट नसून चिंबोरी. चिंबोऱ्या आणि खेकडे बांधात बिळं करतात. एका बाजूनं शिरलेलं बीळ दुसऱ्या बाजूला निघालं की भरतीचं पाणी सुरुवातीला करंगळीएवढ्या धारेनं आत येतं, ते खारट पाणी शेताच्या कोपऱ्यात साचतं, आणि तिथली रोपं पिवळी पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दोन उधाणांत करंगळीची मांडी होते. म्हणून पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला बांधावरून फिरती असायची. आतल्या बाजूला ओलसर डाग दिसला की बाहेरच्या बाजूचं तोंड शोधून, बीळ खणून मोकळं करून, मग ओल्या चिकणमातीनं ठासायचं. नुसतं वरवर लिंपलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बांध नुसता अडवतो. खरी करामत उघाडीत आहे. बांधाच्या सर्वांत खोल जागी, जिथे आतलं पाणी उतरून येतं, तिथे दगडी बांधणीचं तोंड ठेवायचं आणि त्याच्या खाडीकडच्या बाजूला लाकडी झडप वरून टांगायची. भरती चढली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, रात्री-अपरात्री उठावं लागत नाही. आतल्या बाजूला दगडात खाचा असतात. त्यांत आडव्या फळ्या सरकवून शेतात किती पाणी ठेवायचं ते ठरवता येतं. झडप खाडीसाठी, फळ्या शेतासाठी.

यात बिघाड होतो तो तीन ठिकाणी. एक, झडपेत ओंडका, फांदी किंवा नारळाची झावळी अडकते. झडप बोटभर उघडी राहिली तरी एका भरतीत खाचरभर खारं पाणी आत येतं. दोन, लाकूड उन्हाळ्यात वाळून फटी पडतात, म्हणून मृगाआधी झडप भिजवून फुगवून घ्यायची. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं, उघाडीच्या बाहेर खाडीपर्यंत जी नाळ असते ती गाळानं भरते. पावसाळ्यात वाहत्या पाण्यानं ती स्वतःच खरवडून निघते. पण आठ महिने उघाडी बंद असते आणि दर भरती थोडा थोडा गाळ आणून टाकते. वैशाखात ती उपसली नाही तर जूनमध्ये झडप उघडतच नाही, कारण समोर चिखलाची भिंत असते. या गाळाचं बोट धरून तिवराची रोपं येतात. रोपं आली की गाळ आणखी धरतो. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

उघाडीचं वेळापत्रक तिथीवर. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वा अकराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा लागते, पण बांधावर जायला एवढं पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण: पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग: फार चढत नाही, फार उतरतही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की धोका फक्त उधाणाचा. पण भांगाच्या दिवसांत मोठा पाऊस झाला तर पाणी बाहेर काढणं कठीण जातं, कारण बाहेरची पातळी पुरेशी खाली जातच नाही, झडप अर्धवट उघडते आणि पाणी संथ निघतं. उधाणात भरतीचे तीन-चार तास जीव टांगणीला, मात्र नंतरची ओहोटी सगळं ओढून नेते.

किती पाणी? एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार लाख लिटर. शंभर एकरांची खार असेल तर चार कोटी. या पट्ट्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि १०० मिलिमीटरचे दिवस हंगामात अनेकदा येतात. उघाडीला दर ओहोटीत पाच-सहा तास मिळतात. तोवर हे पाणी कुठे थांबणार? शेतातच. खाचरात वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर एकरी सहा लाख लिटर मावतं. भाताला त्याचं काही वाटत नाही. खारशेती म्हणजे भात पिकवणारा एक प्रचंड हौद होता.

वर्षाची सुरुवात मिठानं होते. पाऊस संपला की जमिनीखालचं खारं पाणी केशाकर्षणानं वर येतं, वरून उन्हानं आटतं आणि मीठ मागे ठेवतं. मे महिन्यात खारीवर पांढरा थर दिसतो, पायाखाली कुरकुरतो. जमीन चिकणमातीची, त्यामुळे वाळून हातभर खोल भेगा पडतात. या भेगा बुजवायच्या नाहीत, आणि उन्हाळ्यात खार नांगरायचीही नाही. पहिला पाऊस भेगांतून खोल जातो आणि मीठ विरघळवतो. मग दोन-तीन वेळा धुणं: पावसाचं पाणी दोन दिवस खाचरात तुंबवायचं, ते खारट झालं की ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. किती धुतलं की पुरे? उभं पाणी जिभेला लावायचं. मिठाची चव लागेनाशी झाली की पेरणीची वेळ. घाई केली तर बी उगवतं, कारण भाताचं बी उगवताना खार बऱ्यापैकी सोसतं. पण दोन-तीन पानांचं कोवळं रोप सोसत नाही, टोकाकडून करपत जातं. नवशिक्या फसतो तो इथे. ‘उगवलं तर होतं की!’

गोड्या जमिनीसारखा राब नाही, लावणी नाही. खारीत रहू, म्हणजे मोड आणलेलं बी थेट शेतात फोकणं. भात रात्री पाण्यात टाकायचं, तरंगणारे पोचट दाणे काढायचे, २४ तास भिजवायचं, पाणी काढून गोणपाटात किंवा पेंढ्यात बांधून वर वजन ठेवायचं. एक ते दोन दिवसांत मोड येतात. मधे एकदा हलवून वर-खाली करायचं आणि पाणी शिंपडायचं, नाहीतर मधला भाग तापून कुजतो. मोड जेमतेम दिसला पाहिजे. लांब वाढला तर दाणे एकमेकांत गुंततात, फोकताना मोड तुटतात आणि शेतात पुंजके आणि टकलं दिसतात. एकरी ३० ते ४० किलो बी लागतं. लावणीच्या शेताला याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं, म्हणून खारीचा शेतकरी बियाण्याच्या बाबतीत कंजुषी करत नाही. बी फोकायचं ते चिखलावर, पाण्याचा पातळ पापुद्रा असताना. दुसऱ्या दिवशी पाणी उतरवायचं, म्हणजे मूळ जमीन धरतं. नंतर दाट जागची रोपं उपटून विरळ जागी खोचायची. लावणी न करण्याचं कारण सरळ आहे: उपटलेल्या रोपाची मुळं जखमी असतात आणि जखमी मूळ मीठ जास्त ओढतं. शिवाय खारीत वाफा करायला गोडी जागाच नसते.

बी कोणतं? राता. दाणा तांबडा म्हणून राता, आणि त्यात काळा राता, भुरा राता असे प्रकार. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे; तिथून पुढे पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ या जाती आल्या, ज्या उत्पादनाला जुन्या राताहून सरस. ज्या तालुक्याच्या नावानं खारीचं भात ओळखलं जातं, त्या तालुक्यात आज खारीचं भात शोधावं लागतं. राताचं पीक हेक्टरी दीड-दोन टनांच्या घरातलं, म्हणजे फार नव्हे. पण त्याला खत जवळजवळ नाही, नांगरट नाही आणि लावणीची मजुरी नाही. या तांदळाची भाकरी तांबूस होते आणि पेज पोटाला टिकते.

श्रावण संपेपर्यंत काम पाणी बाहेर काढण्याचं. भाद्रपदात ते उलटं होतं. आता उघाडीच्या आतल्या फळ्या चढवायच्या आणि गोडं पाणी कोंडून ठेवायचं. कारण पोटरी-फुलोऱ्याच्या वेळी पुन्हा एकदा पीक मिठाला हळवं होतं आणि नेमका तेव्हाच पाऊस आखडता हात घेतो. शेत उघडं पडलं की चार-सहा दिवसांत मीठ वर चढायला लागतं. लोंब्या बाहेर येतात, दिसायला छान, पण हातात घेतल्या तर हलक्या, निम्मे दाणे पोचट. हस्ताचा पाऊस बुडाला की खारीचा शेतकरी गोडीवाल्यापेक्षा जास्त घाबरतो ते यामुळे. आणि फळ्या चढवताना विसरायचं नाही की खाडीकडची झडप तरीही नीट बसलीच पाहिजे. आश्विनात उधाणं असतातच.

बांध खरोखर फुटला तर? त्याला म्हणतात खांड पडली. एकदा खारं पाणी शेतात खेळलं की पुढचे साधारण तीन पावसाळे पीक नाही. खांड भरायची ती भांगाच्या दिवसांत, ओहोटीला, दोन्ही टोकांकडून एकदम. खुंटांच्या दोन ओळी ठोकायच्या, मधे पेंढा, झावळ्या आणि फांद्या, वर मातीच्या ढेपा. तोंड जसजसं अरुंद होतं तसतसा पाण्याचा वेग वाढतो आणि तळ खरवडतो, म्हणून शेवटचे चार-पाच हात एका ओहोटीतच बंद झाले पाहिजेत. अर्धवट सोडलं तर पुढची भरती केलेलं सगळं नेते आणि खांड दुप्पट करते. त्यासाठी गावातून घरटी माणूस लागतो. खांडीत पाण्यानं खोल डोह पाडला असेल तर तो भरत बसण्यात अर्थ नाही, त्याला आतून वळसा घालून नवा बांध घ्यायचा. सरळ चाललेला जुना बांध मधेच घोड्याच्या नालासारखा वळला असेल तर बहुधा तिथे कधीतरी खांड पडलेली असते.

खारीचं दुसरं पीक मासे. पहिल्या पावसात खाडीतले मासे गोड्या पाण्याच्या दिशेनं चढून शेतात येतात, ते वलगणीचे. चिवणी त्यातली नावाजलेली. शेतातल्या निवट्या, खरब्या, कोळंबी आणि ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून मिळणारी मासळी. जिताड्याची पिल्लं पावसाळ्यात खारीत येतात. ती उचलून गावच्या तळ्यात सोडायची आणि वाढवायची. पनवेल-पेण-अलिबागकडे जिताड्याला पाहुणचारात जो मान आहे तो उगीच नाही.

आणि मीठ. जिथे जमीन इतकी खोल की पाऊस धुऊ शकत नाही, तिथे भाताचा नाद सोडून मिठागर. ‘आगर’ आणि ‘आगरी’ यांचं नातं इथलंच. उधाणाचं पाणी मोठ्या हौदात घ्यायचं, तिथून उथळ वाफ्यांत तापवत न्यायचं. खाडीचं पाणी हायड्रोमीटरवर तीन अंशांच्या आसपास असतं; ते पंचविसाच्या जवळ गेलं की शेवटच्या कोंडीत मीठ धरतं. एकोणतीस-तिशीच्या पुढे उरलेलं पाणी कडू होतं, ते काढून टाकायचं. लोभ धरला तर मीठ कडवट आणि ओलसर होतं. कोंडीचा तळ हंगामाआधी पायानं तुडवून दगडासारखा घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात माती येते. डिसेंबरपासून वळवापर्यंत हंगाम. मिठागराला हवा तो उन्हाळा, भाताला हवा तो पावसाळा. एकाच खाडीच्या दोन पाळ्या. मिठागराबद्दल इतकंच, तो स्वतंत्र विषय आहे.

मग शहर आलं. वाशीचा पूल १९७३ चा. जमिनी संपादनाखाली गेल्या, मोबदल्यावरून संघर्ष पेटला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. दि. बा. पाटील हे या लढ्याचं नेतृत्व. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातून आली. तिच्या नावातही एक मेख आहे: सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, म्हणजे १०० गुंठे गेले तर हाती येतात पावणेनऊ. विमानतळासाठी उठलेल्या गावांना पुढे साडेबावीस टक्क्यांचा पर्याय मिळाला. तिथे उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवा नदीचा प्रवाह वळवला गेला.

खारीवर भराव पडला तो डोंगरातल्या खाणींचा मुरूम आणि दगड. खाली मऊ खाडीमाती तशीच राहिली. भरावाच्या वजनानं ती वर्षानुवर्षं दबत राहते, कारण तिच्यातलं पाणी फार सावकाश निघतं. इमारती खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर उभ्या, त्या हलत नाहीत. रस्ता आणि आवार मात्र खचतं. जोत्याशी एक पायरी जास्त लागली, फरशी आणि भिंत यांच्यात फट पडली, गटाराचा उतार उलटा झाला, असं खाडीकडच्या सेक्टरांत दिसलं तर त्याचं कारण बहुतेकदा हे. ठेकेदाराला शिव्या नंतर द्या.

दुसरा परिणाम गावांवर. पूर्वी गावठाण उंचवट्यावर आणि शेत खाली. भरावानंतर शेजारचा सेक्टर वर आणि कित्येक गावठाणं खाली. जे पाणी पिढ्यान्‌पिढ्या गावातून शेताकडे जायचं, ते आता रस्त्यावरून गावात येतं.

सिडकोच्या अभियंत्यांना हा हिशेब ठाऊक नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. भरतीच्या तासांत पावसाचं पाणी कुठे ठेवायचं, यावर त्यांनी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत असे अकरा आहेत. नाल्यांतून पाणी तलावात येतं, भरती असेतो थांबतं, आणि ओहोटीला खाडीकडच्या तोंडाच्या झडपेतून निघून जातं. झडप वरून टांगलेली, भरतीनं बंद होणारी, ओहोटीनं उघडणारी. लाकडाऐवजी लोखंड, गावाऐवजी कंत्राट आणि उघाडीऐवजी ‘फ्लॅप गेट’. डच म्हटलं की निविदा जरा भारदस्त दिसते, पण गव्हाणच्या किंवा करावेच्या कोणाही म्हाताऱ्यानं तिला बघताक्षणी ओळखलं असतं. नेरूळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ म्हणजे असाच एक धारण तलाव, भोवती फिरायला वाट केलेला. सकाळी तिथे पळणाऱ्या किती जणांना आपण उघाडीच्या आतल्या बाजूला पळतोय हे माहीत असेल कोण जाणे.

आणि बिघाडही तेच. तलाव गाळानं भरले, गाळावर तिवरं आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर तिवरं तोडणं बंद झालं, २०१८ च्या निकालानं ते संरक्षण पक्कं केलं. तिवरं वाचली पाहिजेत यात वाद नाही, बांधाबाहेर ती शेतकऱ्यालाही हवीच होती. पण शेतकरी नाळेतला गाळ दर वैशाखात उपसायचा, म्हणून नाळेत तिवर रुजायला सवडच मिळत नव्हती. इथे वर्षानुवर्षं उपसा झाला नाही, रोपांची झाडं झाली, आणि आता उपसायचं तर परवानग्यांचा डोंगर. तलावाची खोली जितकी कमी तितकं भरतीच्या वेळचं पाणी रस्त्यावर. शेत हौदाचं काम करायचं तेव्हा अख्खी खार हौद होती. आता तेवढंच पाणी, काँक्रीटवरून दुप्पट वेगानं, अकरा तलावांत मावायचं आहे.

म्हणूनच पावसाळ्यापूर्वी मोठ्या भरतीच्या तारखा वर्तमानपत्रांत छापून येतात, साडेचार मीटरच्या वरच्या. त्यांची घरच्या कॅलेंडरशी ताडणी करून बघा, बहुतेक अमावास्या-पौर्णिमेला लागून निघतील. पण अष्टमीच्या आसपास मुसळधार पावसाचा इशारा असेल तर ‘मोठी भरती नाही’ म्हणून तळघरात गाडी ठेवू नका. भांगात पाणी हटत नाही.

झडपेचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर जुलै-ऑगस्टमधली पौर्णिमा निवडा. दुपारी बाराच्या सुमारास वाशीत सागर विहारला, तलाव आणि खाडी यांच्या मधल्या बांधावर उभे राहा. खाडीचं पाणी तिवरांच्या फांद्यांपर्यंत चढलेलं, तलावाचं खाली. पाऊस चालू असेल तर तलावही हळूहळू चढताना दिसेल. मग संध्याकाळी सहाच्या आत पुन्हा जा. खाडी उतरून चिखल उघडा पडलेला असतो, निवट्या उड्या मारत असतात, आणि झडप शाबूत असेल तर तिच्या खालून गढूळ पाण्याचा जाड पट्टा बाहेर पडत असतो. सोबत प्लास्टिकच्या बाटल्या. त्यातली एखादी झडपेत आडवी बसली तर रात्री बाराच्या भरतीला काय होईल, ते वर सांगितलंच आहे.